लिली निल्सन यांची छोटी खोली

पाळण्यावर चिमणाळे बांधले की चार-पाच महिन्यांचे बाळ त्याकडे एकटक बघते, हातपाय झाडते. झाडता झाडता एकदा मूठ त्याला लागते आणि मग बाळ त्याचा पिच्छा सोडत नाही. बाळ जन्मांध असेल तर तेच चिमणाळे वीतभर अंतरावर असूनही त्याच्या लेखी नसते. घुंगरू वाजवूनही लगेच फरक पडत नाही. अमेरिकेतल्या सेल्मा फ्रायबर्ग यांनी जन्मांध बाळांचा बारकाईने अभ्यास केला. नुसत्या आवाजाच्या रोखाने हात पुढे करणे या बाळांना साधारण पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात जमू लागते, असे त्यांना दिसले. वाजते ते हातात धरताही येते, हे कळायलाच एवढा काळ जातो.

त्यात सेरेब्रल पाल्सीने हात ताठर झालेले असतील किंवा ऐकूही कमी येत असेल, तर बाळाची वाट आणखी बिकट होते. असा योग दुर्मीळ नाही. जन्मताना प्राणवायू कमी पडून मेंदूला इजा झाली तर हालचाल आणि दृष्टी दोन्हींवर घाला येतो. डोळे निरोगी असूनही मेंदूला चित्राचा अर्थ लागत नाही. गरोदरपणी आईला रुबेला झाल्यास बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा आणि हृदयदोष एकदमच होऊ शकतात. 1964-65 च्या साथीनंतर एकट्या अमेरिकेत सुमारे 20,000 बाळे जन्मतः रुबेलाबाधित होती.

अशा मुलाला माणसे उचलतात, भरवतात, पुन्हा निजवतात. वस्तू कुठून तरी हातात येते आणि निसटली की नाहीशी होते. मूल मग स्वतःच्या शरीराशीच खेळत बसते: डोळ्यांत बोटे खुपसते, डोलत राहते. ‘याला काही कळत नाही’ हा शेरा त्याच्यावर फार लवकर बसतो.

डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटावर 1926 साली जन्मलेल्या लिली निल्सन यांना हा प्रश्न पुस्तकातून भेटला नव्हता. सात भावंडांत त्या दुसऱ्या, आणि त्यांतली चार अंध. वयाच्या सातव्या वर्षी धाकट्या अंध भावाला सांभाळायचे काम त्यांच्याकडे आले. पुढे त्या बालशिक्षिका झाल्या, मानसशास्त्र शिकल्या आणि रेफ्सनेस येथील अंध मुलांच्या राष्ट्रीय संस्थेत त्यांनी अनेक वर्षे सल्लागार म्हणून काम केले. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘लिटल रूम’ घडवली.

नाव खोलीचे असले तरी ही एक चौकट आहे. तीन बाजूंना फळ्या, वर भोके पाडलेले पारदर्शक छत. बाळ उताणे निजते. डोके, छाती, हात आत आणि पाय बाहेर. छतातून इलॅस्टिकने वस्तू लोंबतात: किल्ल्यांचा जुडगा, चमचा, मण्यांची माळ, ब्रश, साखळी, चामड्याचा तुकडा. प्लास्टिकची गुळगुळीत खेळणी निल्सन यांना फारशी पसंत नव्हती, आणि त्यात तथ्य आहे. स्पर्शाला त्यांत वेगळे असे काय सापडणार? अंगाखाली ‘रेझोनन्स बोर्ड’ असतो. सुमारे 4 मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडला खालून कडेने साधारण 2 सेंटिमीटर उंचीची पट्टी ठोकलेली असते, त्यामुळे मधला भाग अधांतरी राहतो. टाच जराशी आपटली तरी फळी घुमते. ऐकू न येणाऱ्या मुलालाही तिची थरथर पाठीला कळते.

पण खरी करामत इलॅस्टिकची. सुटलेला चमचा दूर न पडता जागच्या जागी परत येतो. काल उजव्या कानाशी होता तो आजही तिथेच असतो. योगायोगाने लागलेला हात दुसऱ्यांदा मुद्दाम जातो, मग पुन्हा पुन्हा जातो. डोळस बाळ एका नजरेत जे पडताळून पाहते, ते या मुलाला शंभरदा करून पाहता येते. जागा पक्की झाली की ‘चमचा उजवीकडे, माळ डावीकडे’ असा अवकाशाचा हिशेब मनात जुळू लागतो. ऑऱ्हूस विद्यापीठात 1988 साली मान्य झालेला निल्सन यांचा डॉक्टरेटचा प्रबंध जन्मांध बाळांच्या याच अवकाशज्ञानावर होता.

मोठ्यांसाठीचा नियम मात्र कडक आहे: मुलाचे हात कामात असताना बोलायचे नाही. मनगट धरून हात वस्तूवर नेणे तर नकोच. ‘अरे वा, शाब्बास!’ म्हटले की मूल आवाजाकडे कान लावते, हात थांबतात आणि धागा तुटतो. ते स्वतःहून थांबले की मग बोलावे. माणसाने जवळच, लक्ष ठेवून बसायचे आहे. एकट्याला आत सोडून कामाला जाण्याची ही सोय नव्हे. आमच्याकडच्या आजी-आत्यांना हे मौन कितपत पेलेल, याची मला शंकाच आहे.

निल्सन यांनी आणखीही साधने केली. पालथ्या मुलाला हातपाय मोकळे ठेवून पेलणारा बाक, आणि छताला टांगलेला ‘हॉप्सा ड्रेस’. या पट्ट्यांच्या पोशाखात उभे न राहू शकणारे मूल उभे राहते. अंगाचा भार वर पेलला जातो आणि पावलांना जमीन लागते.

हा एकच मार्ग आहे असे नाही. नेदरलँड्सच्या यान व्हान डाइक यांनी रुबेलाबाधित मूकबधिर-अंध मुलांबरोबर जवळजवळ उलटी रीत धरली: मुलाच्या अंगाला अंग लावून त्याच्याबरोबर हलायचे, आणि त्या सामायिक हालचालीतून संवाद उभा करायचा. वस्तूची ओळख एकांतात होईल, पण समोर दुसरे माणूस आहे हे एकांतात कसे कळणार, हा आक्षेप मला वजनदार वाटतो. दिवसातला थोडा वेळ चौकटीत आणि उरलेला माणसांत, अशी वाटणी मला अधिक पटते.

आपल्याकडे मुंबईत बेरोझ वाच्छा यांनी 1977 साली मूकबधिर-अंध मुलांसाठी हेलन केलर इन्स्टिट्यूट सुरू केली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 विकलांगतांच्या यादीत बहुविकलांगतेला स्वतंत्र स्थान दिले. लिटल रूमची चौकट आपल्याकडचा सुतारही घडवू शकेल. आत टांगायला स्टीलची वाटी, पळी, नारळाची करवंटी, काथ्याची दोरी चालेल. गाठी पक्क्या हव्यात, कडा बोथट हव्यात, आणि सगळ्या वस्तू एकदम बदलायच्या नाहीत. ओळखीच्या तशाच ठेवून एखादीच नवी वाढवायची.