खिशातला चाकू: स्टेनलेस घेतला तरी गंजतो का?

आजचा प्रश्न रोजच्या कामातला. खिशात ठेवायला घडीचा चाकू घ्यायचाय, पण गंजणारा नको. मग बघायचं काय?

रेणापूरकडं चाकूला दिवसभर काय काम असतं? सोयाबीनच्या कट्ट्याची सुतळी, ठिबकची नळी, खताची गोणी. साध्या पोलादाचं पातं धार झटकन घेतं, पण रात्रभर ओलं राहिलं की सकाळी तांबूस दिसतं.

स्टेनलेसमध्ये निदान १०.५ टक्के क्रोमियम असतं. हवा लागली की त्याचा न दिसणारा पातळ थर पात्यावर बसतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा तयार होतो. गंज अडवतो तो हाच थर. पण क्लोराइड त्याला बारीक भोकं पाडतं. घामात मीठ असतं आणि म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच! म्हणून स्टेनलेससुद्धा गंजू शकतं.

दुकानात पोलादाचा नंबर विचारा. ४२० गंजाला चांगला. धार लवकर जाते, पण लावायलाही सोपी. ४४०सी धार जास्त टिकवतो, लावायला मात्र मेहनत.

मग लॉक तपासा. पातं उघडून हलवून बघा. डुगडुगत असेल तर परत द्या. लॉकमध्ये गंज, चिखल साचला तर तो नीट बसत नाही आणि जोर लावताना पातं बोटांवर मिटू शकतं.

खताची गोणी फोडली की चाकू धुवा, कोरडा पुसा, सांध्यात तेलाचा थेंब सोडा. मिनिटाचं काम, पण बोटं वाचतात बघा.