उचलले कोठून, ठेवले कोठे?

पडद्यावरील यादीतले एखादे नाव दाबून धरावे, ओढत न्यावे आणि हव्या त्या जागी सोडावे, ही क्रिया आता पोरासोरांच्याही अंगवळणी पडली आहे. ‘ड्रॅग अँड ड्रॉप’ हे तिचे प्रचलित नाव. एकाखाली एक नावांची साधी यादी असेल तर तीत फारसे कोडे नाही. परंतु यादीच्या पोटात यादी आणि तिच्याही पोटात यादी असली, म्हणजे ही सोपी क्रिया रचनाकाराची परीक्षा पाहते. ती कशी, हे आपल्याच मुलखाच्या उदाहरणाने पाहू.

जिल्ह्यांची यादी घ्या. नाशिकच्या पोटात तालुके, त्यांत समजा शेवटचा मालेगाव, आणि मालेगावच्या पोटात दाभाडी, रावळगाव, सौंदाणे, झोडगे ही गावे. प्रत्येक पायरीला ओळ थोडी उजवीकडे सरकलेली. झोडग्यानंतरची ओळ मात्र एकदम डाव्या कडेला येते : धुळे जिल्हा. आता झोडगे आणि धुळे यांच्यामधल्या फटीत कोणी एक नाव आणून सोडले, तर ते मालेगावातले गाव झाले, नाशिकचा तालुका झाला, की स्वतंत्र जिल्हा? (मालेगाव जिल्ह्याची मागणी जुनीच आहे, पण तिचा निकाल असा फटीत लागायचा नाही!) डोळ्यांना जागा एकच दिसते, अर्थ मात्र तीन.

यांपैकी कोणता अर्थ घ्यावा, हे हाताच्या आडव्या चालीवरून ठरवतात. नाव उजवीकडे झुकवले तर ते पोटात जाते, डावीकडे ओढले तर एकेक पायरी बाहेर येते. ‘वर्डप्रेस’ या संकेतस्थळे उभारण्याच्या प्रणालीत २०१० साली मेनूची जी सोय आली, तीत हीच रीत आहे. पण आमच्या मते खरी किल्ली पुढेच आहे. बोट सुटण्यापूर्वीच एक ठळक रेघ उमटली पाहिजे आणि ती नेमक्या त्या पायरीच्या कडेपासून सुरू झाली पाहिजे. नाव एखाद्या ओळीच्या मध्यावर आले, तर रेघेऐवजी ती ओळच उजळावी, म्हणजे ‘याच्या पोटात’ हे समजते. जे रचनाकार एवढे करीत नाहीत, ते वापरणाऱ्याला अंदाजाने ठेवायला लावतात. आणि चुकीच्या तालुक्यात गेलेले गाव हजार ओळींच्या यादीत कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरा प्रश्न लवाजम्याचा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके आपापल्या गावांसह गेले. एकेक गाव उचलावे लागले नाही. पडद्यावरही आई उचलली की लेकरे बरोबर निघावीत, आणि ती किती आहेत याचा आकडा ओढताना दिसावा. उलट धुळे उचलून त्याच्याच पोटातल्या शिरपुरात ठेवू पाहिले, तर यंत्राने साफ नकार द्यावा. तसे झाल्यास ती सारी शाखा यादीपासून तुटून स्वतःभोवतीच फिरत राहील.

मिटलेल्या ओळीवर क्षणभर थांबले की ती उघडावी. केवळ वरून जाताना उघडू नये, नाहीतर सारी यादी हाताखाली नाचू लागते. एस्केप कळ दाबताच नाव मूळ जागी परतावे, आणि सोडल्यानंतरही ‘पूर्ववत’ करण्याची सोय असावी.

मोबाईलवर अडचण निराळी. तेथे बोटच ओळ झाकते आणि ओढणे म्हणजे यादी सरकवणेही असते. म्हणून ओळीच्या कडेला धरण्यापुरती मूठ देतात, किंवा थोडा वेळ दाबून धरायला लावतात.

पण ज्यांचा हात थरथरतो, किंवा ज्यांना पडदा दिसतच नाही, त्यांनी काय करावे? वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुलभतेच्या निकषांत याचे उत्तर आहे : ओढणे अपरिहार्य असेल तो अपवाद सोडता, ओढून होणारे काम न ओढताही, साध्या दाबण्याने करता आले पाहिजे. आमच्या यादीत ते अवघड नाही. ओळीशेजारी ‘हलवा’ हे बटण असावे. ते दाबताच यंत्राने आधी जिल्हा विचारावा, मग तालुका, मग कोणत्या गावाच्या खाली. आणि शेवटी ‘झोडग्याखाली, मालेगाव तालुक्यात’ असे वाचून दाखवावे.