घास तुटला पाहिजे

भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येतो, याचे आपल्याला कधी अप्रूप वाटत नाही. मागच्या दाढा मिटल्या तरी ज्याचे पुढचे वरखालचे दात एकमेकांना टेकतच नाहीत, त्याला मात्र ती हातानेच मोडून घ्यावी लागते. पेरू तो बाजूच्या दातांनी कुरतडतो आणि 'स' म्हणताना त्याची जीभ फटीतून बाहेर डोकावते. काहींचा वरचा जबडा वाढीत मागे पडतो आणि खालचे दात वरच्यांच्या पुढे येऊन बसतात. अशा मुलाच्या जबड्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की घरात पहिला प्रश्न येतो, 'नुसत्या दिसण्यासाठी एवढी चिरफाड कशाला?' माझ्या मते गफलत इथेच होते. हे ऑपरेशन घास तुटावा, दाढा नीट मिळाव्यात, उच्चार स्वच्छ व्हावेत यासाठी असते. चेहरा सुधारतो तो त्याच्या ओघात.

मग नुसत्या तारांनी भागत नाही का? दोष दातांचाच असेल तर भागते. पण तार दात सरकवते, मोठ्या माणसाचा जबडा नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाचा वरचा जबडा मागे असेल, तर बाहेरून लावलेल्या उपकरणाने त्याच्या वाढीला थोडेफार वळण देता येते. ते वय निघून गेले आणि फरक मोठा असला, तर वाढ थांबेपर्यंत थांबून शस्त्रक्रियाच करावी लागते. मुलींमध्ये वाढ साधारण सोळा-सतराव्या वर्षी थांबते, मुलांमध्ये आणखी उशिरा. लग्न ठरायच्या बेतात आहे म्हणून घाई केली, तर खालचा जबडा पुढे वाढतच राहतो आणि केलेले काम वाया जाते.

चेहऱ्याचे हाड कापायचे, या कल्पनेची भीती समजण्यासारखी आहे, पण ते अंदाजाने कापले जात नाही. फ्रेंच सर्जन रने ल फोर यांनी 1901 साली मृतदेहांच्या कवट्यांवर आघात करून दाखवून दिले की चेहऱ्याची हाडे ठराविक रेषांवरच तुटतात. त्यांतली सर्वांत खालची रेष वरच्या दातांच्या मुळांच्याही वरून, नाकाच्या तळाशी आडवी जाते. आज सर्जन साधारण त्याच रेषेवर हाड कापतात. छेद वरच्या ओठाच्या आत असल्याने चेहऱ्यावर व्रण राहत नाही. सुटा झालेला जबडा पुढे, मागे किंवा वर सरकवायचा, आधीच करून ठेवलेल्या प्लास्टिकच्या पातळ साच्यात वरखालचे दात बसवून जागा पक्की करायची आणि टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या स्क्रूने आवळायच्या. असा सुटा केलेला जबडा जगतो कसा, ही शंका डॉक्टरांनाही होती. टाळू आणि गालाकडच्या मऊ भागांतून त्याला पुरेसे रक्त मिळत राहते, हे अमेरिकेतील विल्यम बेल यांनी 1970 च्या दशकात माकडांवरील प्रयोगांतून दाखवले.

धोके आहेतच, ते झाकू नयेत. रक्तस्राव होऊ शकतो, वरचा ओठ आणि गाल काही आठवडे किंवा महिने बधिर राहतात, जबडा थोडा मागेही फिरू शकतो. दुभंगलेला टाळू लहानपणी शिवलेल्या मुलांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. शिवणीचा व्रण जबड्याची वाढ रोखतो, म्हणून त्यांच्यापैकी अनेकांना पुढे हे ऑपरेशन लागते. पण जबडा पुढे आणल्यावर आवाज अधिक गेंगाणा होण्याची शक्यता असते. त्याची तपासणी आधीच व्हायला हवी. शिवाय ऑपरेशनपूर्वी वर्ष-दीड वर्ष तारा, नंतर सुमारे सहा आठवडे मऊ अन्न आणि पुन्हा काही महिने तारा, एवढी तयारी लागते.

खर्चाच्या बाजूने मात्र 'सौंदर्य' हा शब्द महागात पडतो. आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते, त्यामुळे चावण्या-बोलण्यातली अडचण डॉक्टरांच्या कागदावर स्पष्ट नोंदलेली असणे गरजेचे आहे.  उपचार कुठे घ्यायचा, तर नाशिकमध्येच पंचवटीत दंत महाविद्यालय आहे. दात सरळ करणारे आणि जबड्याचे ऑपरेशन करणारे असे दोन्ही विभाग दंत महाविद्यालयात एकाच छताखाली असतात, आणि या उपचारात दोघांनी पहिल्या दिवसापासून एकत्र बसणे अत्यावश्यक आहे. नाशिकच्या पालकांना माझी विनंती एवढीच: मूल आठ वर्षांचे झाले की त्याला दाढा मिटून पुढच्या दातांत कागदाची पट्टी धरायला सांगा. ती ओढल्यावर अडखळत नसेल, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा.