वाचनालय कोठे बांधावे?

नवे वाचनालय बांधायचे ठरले, की एक सूचना हटकून येते: गावाबाहेर फुकट जागा आहे, तेथे बांधा. ती मान्य करण्याआधी पुण्याच्या बुधवार पेठेत चला. 1848 साली लोकहितवादींच्या पुढाकाराने ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाली. तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. ते आहे भर पेठेत. मंडई, तुळशीबाग जवळ. अप्पा बळवंत चौकातला पुस्तकबाजार तर हाकेच्या अंतरावर. माणूस भाजीला निघतो आणि जाताजाता पुस्तक बदलून येतो. केवळ पुस्तकासाठी दोन मैल चालणारे असतात किती?

डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवा, हे चौथे. जागा निवडतानाही मला ते पहिले आठवते.

मात्र दाटीचाही धोका असतो. याच पेठेतला पेशव्यांचा बुधवारवाडा 1879 च्या मे महिन्यात आगीत जळाला. तेव्हा भिंतीला भिंत नको. बंब आत येईल एवढा रस्ता हवाच. शिवाय कोथरूड-हडपसरच्या मुलांनी रोज पेठेत यावे, ही अपेक्षाच चूक. त्यांना शाळेजवळ, बसथांब्याजवळ शाखा द्या, लहान का होईना.

आणि गुरुजी, तुमच्या गावची फुकटची जागा ओढ्यापलीकडे असेल, तर पावसाळ्यात बायका-मुले तेथे जातील कशी? जागा घेण्याआधी आठवडाभर संध्याकाळी तेथे उभे राहा आणि येणारीजाणारी माणसे मोजा. बाया किती, मुले किती, तेही वेगळे लिहून ठेवा.