कॅरॉटिड स्टेंटिंगमधील मेंदूसंरक्षण

मानेतील अरुंद झालेल्या कॅरॉटिड धमनीत स्टेंट बसवताना सुटणारे कण मेंदूत पोहोचू नयेत, यासाठी योजलेल्या उपायांना मेंदूसंरक्षण म्हणतात. धमनीच्या भिंतीवर साचलेला मेदयुक्त थर फुग्याने दाबला जाताना त्याचे तुकडे निघून प्रवाहाबरोबर वर जातात. म्हणजे जो पक्षाघात टाळायचा, तोच उपचारामुळे ओढवू शकतो.

अरुंद भागाच्या पुढे फुगा फुगवून धमनी तात्पुरती बंद करण्याची पद्धत जाक तेरों यांनी १९९० साली मांडली. काही रुग्णांना हा खंड सोसत नसे. पुढे छत्रीसारखी उघडणारी जाळी प्रचारात आली. तिच्यातून रक्त वाहत राहते व मोठे कण अडकतात. मात्र ती उघडण्यापूर्वी तारेला अरुंद भाग ओलांडावाच लागतो आणि त्या वेळी संरक्षण नसते. शिवाय छिद्रांहून बारीक कण निसटतात. ही उणीव हुआन पारोदी यांच्या पद्धतीत टळते. तिच्यात अरुंद भागाच्या अलीकडेच प्रवाह अडवून तो उलटवतात. मेंदूला रक्त दुसऱ्या बाजूने मिळते आणि कण शरीराबाहेरील गाळणीत जमतात.

फ्रान्समधील ईव्हीए-३एस चाचणीत संरक्षणाविना स्टेंट बसवलेल्या १५ पैकी ४, तर संरक्षणासह ५८ पैकी ५ रुग्णांना ३० दिवसांत पक्षाघात झाला. संख्या लहान असली तरी २००३ साली असुरक्षित स्टेंटिंग थांबवण्याची शिफारस झाली. तरीही जाळी म्हणजे अभेद्य कवच नव्हे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएसएस उपअभ्यासात एमआरआयवर नव्या इजा स्टेंटच्या ५० टक्के, तर शस्त्रक्रियेच्या १७ टक्के रुग्णांत दिसल्या.

गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत 'सर्च' संस्थेने केलेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे आढळले. ते मृत्यूचे प्रमुख कारण होते. अर्थात प्रत्येक पक्षाघाताचे मूळ कॅरॉटिड धमनीत नसते. उच्च रक्तदाबामुळे मेंदूत होणारा रक्तस्रावही त्यास कारणीभूत ठरतो.

आरमोरीसारख्या गावातील रुग्णाने ब्रह्मपुरी, नागभीडमार्गे नागपूर गाठून स्टेंट बसवून घेतला, तरी धोका परतीच्या प्रवासाबरोबर संपत नाही. दीर्घकाळ कमी रक्त मिळालेल्या भागात प्रवाह अचानक वाढल्याने काही दिवसांनीही अतिप्रवाहाचा विकार उद्भवतो. एका बाजूची तीव्र डोकेदुखी, झटके किंवा वाढलेला रक्तदाब ही त्याची लक्षणे असून त्यातून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून गावी परतल्यावरही रक्तदाब वारंवार मोजावा लागतो. ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती असते.