बारा जागांचा हिशेब

मुलांनो, शाळेच्या कबड्डी संघाची निवड तुम्ही पाहिली असेल. मैदानावर तीस-पस्तीस मुले जमतात. सर कोणाला धावायला लावतात, कोणाला चढाई करायला सांगतात, तर कोणाची पकड पाहतात. दोन दिवसांनी फलकावर यादी लागते. यादीत नावे मात्र बाराच असतात. ज्यांची नावे येतात ते आनंदाने उड्या मारतात. ज्यांची राहतात ते एकमेकांना विचारतात, "मी त्याच्यापेक्षा जोरात पळतो. मग त्यालाच का घेतले?"

कधीकधी हा प्रश्न रास्त असतो. पण पुष्कळदा त्याचे उत्तर एका हिशेबात दडलेले असते. हा हिशेब शाळेच्या संघाला करावा लागतो, तसाच मोठमोठ्या संघांनाही करावा लागतो. आज आपण तो समजून घेऊ.

कबड्डीत एका संघाचे सात खेळाडू मैदानात उतरतात आणि पाच राखीव असतात. सात आणि पाच मिळून बारा. तेराव्याला जागा नाही. आता असे पाहा. पुणे जिल्ह्यात बारामतीहून इंदापूरकडे जाताना काटेवाडी हे गाव लागते. संत तुकाराम महाराजांच्या पालखीभोवती येथे मेंढ्यांचे रिंगण होते, त्यामुळे या गावाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. अशा एखाद्या गावातील माध्यमिक शाळेचा संघ आपण कल्पनेने उभा करू.

समजा, या संघात दहावीचे आठ, नववीचे तीन आणि आठवीचा एक विद्यार्थी आहे. दहावीची मुले अंगाने भरलेली आणि खेळात मुरलेली. साहजिकच संघ तालुक्यात पहिला येतो. गावात पेढे वाटले जातात. मार्चमध्ये दहावीची परीक्षा होते आणि आठही जण शाळा सोडून जातात. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा संघात उरतात चौघे. आठ नवी मुले एकदम घ्यावी लागतात. त्यांना एकमेकांच्या हालचाली ठाऊक नसतात. साखळी कधी धरायची आणि कधी सोडायची, हेही समजत नाही. संघ पहिल्याच सामन्यात हरतो. लोक म्हणतात, "या वर्षीच्या मुलांत दम नाही." खरे तर दोष मुलांचा नसतो. तो मागच्या वर्षीच्या हिशेबाचा असतो.

आता दुसरा संघ पाहा. त्यात तिन्ही इयत्तांचे चार-चार विद्यार्थी आहेत. दरवर्षी चार जातात आणि चार येतात. त्यामुळे नव्या चौघांना शिकवायला आठ जुने खेळाडू कायम हजर असतात. हा संघ एखाद्या वर्षी पहिला येणार नाही, पण कोणत्याही वर्षी कोलमडणार नाही. आठवीतल्या बारक्या मुलाला का घेतले, याचे उत्तर येथे मिळते. तो आज थोडा कमी पडतो, पण त्याच्यापुढे तीन वर्षे आहेत.

अर्थात हा हिशेब इतका सरळ राहत नाही. काटेवाडीजवळच भवानीनगरला साखर कारखाना आहे. ऊसतोडणीसाठी बाहेरून आलेली कुटुंबे हंगाम संपला की आपापल्या गावी परततात. त्यांची मुलेही त्यांच्याबरोबर जातात. कोणाच्या वडिलांची बदली होते, कोणाचा गुडघा दुखावतो, तर कोणी घरच्या कामामुळे सरावाला येणे सोडतो. म्हणून जाणकार शिक्षक आपल्या वहीत दोन याद्या ठेवतात. नक्की कोण जाणार, त्यांची एक. आणि कोण जाण्याचा संभव आहे, त्यांची दुसरी. शिवाय जाणारा मुलगा चढाई करणारा आहे, कोपरारक्षक आहे की मध्यरक्षक, हेही ते लिहितात. चारही चढाईपटू एकाच वर्षी गेले, तर उत्तम पकडी करणारा संघसुद्धा गुण कोठून आणणार?

हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल, तर प्रो कबड्डी लीगकडे पाहा. ही स्पर्धा २०१४ मध्ये सुरू झाली. येथे खेळाडूंच्या संख्येला मर्यादा असते, तशी पैशालाही असते. दहाव्या हंगामासाठी २०२३ मध्ये लिलाव झाला, तेव्हा प्रत्येक संघाला खेळाडूंवर जास्तीत जास्त ५ कोटी रुपये खर्च करण्याची मुभा होती. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या नामवंत चढाईपटूसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. पुणेरी पलटणने इराणच्या महंमदरेझा शादलूईसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. म्हणजे दोन्ही संघांनी जवळजवळ अर्धी थैली एकेका खेळाडूवर रिकामी केली.

पुढे काय झाले? १ मार्च २०२४ रोजी हैदराबादच्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून विजेतेपद मिळवले. तेलुगू टायटन्सला मात्र २२ सामन्यांपैकी फक्त दोन जिंकता आले आणि तो संघ तळाला राहिला. पवन काही लहान खेळाडू नव्हता. त्याच सुमारास आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाचा तो कर्णधार होता. पण एक खेळाडू कितीही मोठा असला, तरी बाकीच्या सहा जागा तो भरू शकत नाही.

पुण्याने त्या जागा आधीच भरून ठेवल्या होत्या. काही वर्षांपासून या संघाने तरुण, नवखी मुले घेतली आणि त्यांना सांभाळले. अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार २०२१-२२ च्या हंगामात पुणेरी पलटणकडून खेळू लागला, तेव्हा त्याचे नाव फारसे कोणाला माहीत नव्हते. दोन वर्षांनी तोच विजेत्या संघाचा कर्णधार झाला. आशियाई सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघातही तो होता.

पण गोष्ट येथे संपत नाही. पुढच्या लिलावात शादलूई २ कोटी ७ लाख रुपयांना हरियाणा स्टीलर्सकडे गेला. अकराव्या हंगामात अस्लमला दुखापत झाली. पुण्याला बाद फेरीही गाठता आली नाही आणि हरियाणाने विजेतेपद पटकावले. विजेता संघसुद्धा आहे तसा राहत नाही, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

आता शिक्षणाशी जोडलेल्या जागांकडे वळू. १९९४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यासाठी बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली. राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी तेथे चालते. उंची, वजन, धावणे, उडी, चेंडूफेक अशा चाचण्या घेऊन लहान वयात मुलामुलींची निवड होते. निवडलेल्यांच्या राहण्याची, जेवणाची, शिक्षणाची आणि प्रशिक्षणाची सोय शासन करते. पण वसतिगृहातील खाटा मोजक्याच असतात. एक विद्यार्थी बाहेर पडतो, तेव्हा दुसऱ्यासाठी जागा होते.

मोजक्या जागांचा हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतील विद्यापीठांत दिसतो. तेथे फुटबॉल नावाचा एक खेळ आहे. तो आपल्याकडच्या फुटबॉलसारखा नाही. डोक्यावर शिरस्त्राण घालून आणि चेंडू हातात घेऊन तो खेळतात. चांगल्या खेळाडूला विद्यापीठ शिष्यवृत्ती, म्हणजे वजिफा देते. त्यातून शिक्षणाचे शुल्क, राहणे आणि जेवण यांचा खर्च भागतो. गरीब घरातील मुलासाठी ही फार मोठी मदत असते.

पूर्वी श्रीमंत विद्यापीठे भराभर शिष्यवृत्त्या देऊन चांगले खेळाडू स्वतःकडेच गोळा करून ठेवत. म्हणून १९७३ मध्ये नियम झाला की, एका विद्यापीठाने फुटबॉलसाठी १०५ पेक्षा जास्त शिष्यवृत्त्या देऊ नयेत. ही संख्या पुढे ९५ झाली आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत ८५ वर आली. विद्यार्थी साधारण चार-पाच वर्षे राहतो. म्हणजे दरवर्षी वीसच्या आसपास जागा रिकाम्या होणार आणि तेवढ्याच भरता येणार. आपल्या शाळेतला चार-चारचा हिशेब तो हाच.

या हिशेबात काही प्रशिक्षकांनी खोट आणली. सगळे येणार नाहीत, असे गृहीत धरून ते रिकाम्या जागांपेक्षा अधिक मुलांना शब्द देत. मुले जास्त आली की जागा करण्यासाठी जुन्या किंवा दुखापत झालेल्या खेळाडूला दुसरीकडे जाण्यास सुचवले जाई. विचार करा, शिष्यवृत्तीच्या भरवशावर घरापासून दूर आलेल्या त्या विद्यार्थ्याला काय वाटत असेल? पुढे विद्यार्थ्यांच्या हातीही काही बळ आले. २०१८ मध्ये विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची एक सामाईक नोंदयादी सुरू झाली. २०२१ पासून, वर्षभर बाहेर न बसता एकदा विद्यापीठ बदलण्याची मोकळीक मिळाली. आता प्रशिक्षकालाच धास्ती वाटू लागली की, आज संघात असलेला मुलगा उद्या असेल की नाही!

२०२५ मध्ये न्यायालयातील एका तडजोडीनंतर नियम पुन्हा बदलला. ती तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्तीवरची मर्यादा गेली आणि संघातील एकूण खेळाडूंवर १०५ ची मर्यादा आली. वरवर पाहता जागा वाढल्या. पण शिष्यवृत्ती न घेता, केवळ आवडीने सरावाला येणारे अनेक विद्यार्थी पूर्वी संघात असत. त्यांना धरून संघ १०५ च्याही पुढे जाई. नव्या नियमाने अशांच्या जागांवर गदा आली. न्यायाधीशांनी हरकत घेतल्यावर, ज्यांच्या जागा या नियमामुळे जात होत्या त्यांना मोजणीतून वगळण्याची सवलत देण्यात आली. मर्यादा कोणतीही घाला, तिच्या काठावर कोणीतरी उभा असतोच.

म्हणून जागा भरणाऱ्याने दोन गोष्टी पाळायला हव्यात. पहिली, जेवढ्या जागा तेवढेच शब्द द्यावेत. दुसरी, जे खरे आहे ते वेळेवर सांगावे. दहावीतल्या मुलाची शाळेच्या संघातील ती शेवटची संधी असते. त्याला वगळून आठवीतल्याला घेण्याचा निर्णय योग्य असेलही, पण तो सोपा नाही. त्याचे कारण त्या मुलाला सर्वांआधी आणि समोर बसवून सांगितले पाहिजे. जूनमध्ये कळले, तर तो दुसरा खेळ निवडू शकतो, पंच म्हणून शिकू शकतो, नव्या मुलांना पकड शिकवू शकतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी कळले, तर त्याच्या हाती फक्त राग उरतो.

आणि तुम्ही? तुमची निवड झाली नाही, तर रागावून घरी बसू नका. सरांना अदबीने तीन प्रश्न विचारा. "माझ्या जागेसाठी आणखी कितीजण आहेत? पुढच्या वर्षी कोणती जागा रिकामी होणार आहे? त्या जागेसाठी मला काय शिकावे लागेल?" ज्या संघात सगळे उजवीकडूनच खेळतात, तेथे डावा कोपरा सांभाळणाऱ्याची गरज असते. ती ओळखून वर्षभर सराव केलेल्या मुलाला किंवा मुलीला जागा मिळण्याची शक्यता वाढते.

तुमची निवड झाली, तर एवढे ध्यानात ठेवा की, ही जागा तुमच्या आधी कोणाची तरी होती आणि तुमच्यानंतरही कोणाची तरी होणार आहे. तोवर ती नीट सांभाळा. आपली खुबी मागून येणाऱ्याला शिकवा. अभ्यासाची वही मात्र कोणत्याही हंगामात मिटू नका. गुडघा दुखावला किंवा नाव वगळले गेले, तरी वहीतले शिक्षण तुमच्याजवळ राहते. त्याची जागा कोणी दुसऱ्याला देऊ शकत नाही.