गोदावरीचे मासे आणि पाहुणे मासे

नांदेडच्या बाजारात गोदावरीचा म्हणून जो मासा विकला जातो, त्यांतला खरोखर गोदावरीचा किती, हा प्रश्न आम्हांस प्रथम पडला तो एका भोई बांधवाच्या टोपलीपाशी. टोपलीत रोहू, मृगळ आणि चिलापी होती. आमचे वाचन कामगार कायद्याचे; माशांची पुस्तके त्यानंतर उघडली.

रोहू व मृगळ मूळचे उत्तरेकडचे. ते पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तलावात सहसा घालीत नाहीत. 1957 साली हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांकडून अंडी घालविली, तेव्हापासून बीज केंद्रांत तयार होऊ लागले. ते फुकट मात्र मिळत नाही. सोसायटीने बोटुकली विकत आणून सोडावी आणि तलाव आटला तर घाटा सोसावा. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी माणसांच्या पाण्याची चर्चा देशभर झाली. मासेमारांच्या बुडालेल्या रोजीची फारशी कोणी केली नाही.

चिलापी आफ्रिकेची, 1952 साली श्रीलंकेमार्गे भारतात आली. मादी अंडी तोंडात उबविते आणि वर्षातून अनेकदा पिले देते. बीजाचा खर्च नाही. पण गर्दी झाली की मासा लहान राहतो आणि इतरांचा घास खातो.

आता खडस. मोठ्या खवल्यांचा, दांडगा. गळाला लागला की धारेत मुसंडी मारतो, म्हणून हौशी गळकरी त्याच्यासाठी मैलोगणती जातात. गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यांतला हा मूळ रहिवासी. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून कर्नल साइक्स यांनी 1839 साली त्याचे वर्णन केले आणि ‘खुद्री’ हे इथल्या लोकांच्या तोंडचे नावच शास्त्रात घातले. त्याला स्वच्छ वाहते पाणी आणि विणीसाठी खडकाळ, वाळूगोट्यांचा तळ लागतो. बंधारा आडवा आला की वरची वाट बंद.

गंमत पुढेच आहे. लोणावळ्याच्या वळवण तलावावर खडसाची कृत्रिम पैदास झाली आणि बोटुकली दूरदूर गेली, कावेरीतही गेली. तिथे ती अशी फोफावली की कावेरीचा स्वतःचा कुबडाचा महसीर मागे हटला. 2018 साली तो अतिसंकटग्रस्त ठरला. आपला मूळचा मासा तिथे उपरा झाला! म्हणजे दोष माशाच्या जातीत शोधून भागत नाही. कोणत्या नदीत काय सोडले, हे पाहावे लागते.

चिलापी बंद करा, असे आम्हीही आधी म्हणत असू. तो भोई म्हणाला, “भाऊ, खडस आमच्या आज्यानं धरला असंल. माझं घर चिलापीवर चालतं.” त्याला उत्तर नव्हते. आता आम्ही एवढेच मागतो: तलावात काय सोडायचे ते सोसायटीला विचारून ठरवावे, आणि किनवटच्या जंगलातून वाहणाऱ्या पैनगंगेत बाहेरचे बीज मुळीच सोडू नये.